‘ओन्ली’ आणि ‘च’ : जोर देणाऱ्या एका शब्दाचे अर्थ आणि उपयोग

‘ओन्ली’ हा इंग्रजीतला रोजच्या वापराचा शब्द आहे. ‘एक’ आणि ‘सारखा’ अशा अर्थांचे दोन जुने इंग्रजी अंश जोडून तो तयार झाला. ‘एकटा, एकमेव’ हा त्याचा मूळ अर्थ असून मर्यादा घालणे हे त्याचे मुख्य काम आहे. भारतात मात्र त्याच्याकडे आणखी एक काम आले: बोलणाऱ्याच्या म्हणण्याला जोर देणे. ‘आय ॲम हिअर ओन्ली’, ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’, ‘टुडे ओन्ली ही केम’ ही वाक्ये पणजीच्या कदंब बसस्थानकापासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत आणि पेडण्यापासून डिचोलीपर्यंत सहज कानी पडतात. इंग्लंडमधल्या वाचकाला ती खटकतात. मराठी किंवा कोंकणी बोलणाऱ्याला त्यांत वावगे काही जाणवत नाही, कारण ‘इथेच’, ‘असाच’, ‘आजच’ या शब्दांतला ‘च’ त्याच्या कानाला ओळखीचा असतो.

या वापराविषयी दोन मते आढळतात. एक मत त्याला चूक ठरवते, दुसरे त्यात नियम पाहते. पुढच्या संवादात ही दोन्ही मते पणजीत भेटलेल्या दोन प्रातिनिधिक पात्रांच्या तोंडी घातली आहेत. पेडण्याच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई पहिले मत मांडतात. डिचोलीचा, भाषाविज्ञान शिकलेला त्यांचा जुना विद्यार्थी दुसरे मांडतो.

इंग्रजीतले मूळ अर्थ

बाई : आधी इंग्रजीत ‘ओन्ली’चे काम काय आहे ते पाहू. ‘ओन्ली सन’ म्हणजे एकुलता एक मुलगा. इथे तो विशेषण आहे. ‘ओन्ली टेन रुपीज’ म्हणजे फक्त दहा रुपये. इथे तो क्रियाविशेषण आहे. ‘आय विल कम, ओन्ली आय विल बी लेट’ यात तो ‘पण’ची जागा घेतो. तिन्ही ठिकाणी मर्यादा आहे: संख्येची, परिमाणाची किंवा आधी दिलेल्या कबुलीची. नुसत्या जोरासाठी तो इंग्रजीत नाही.

विद्यार्थी : तिसऱ्या अर्थाला मराठीत नेमकी जोडी आहे, बाई. ‘येईन, मात्र उशीर होईल’ या वाक्यात ‘मात्र’ म्हणजे ‘पण’. ‘अक्षरी रुपये पाचशे मात्र’ या पावतीवरच्या ओळीत ‘मात्र’ म्हणजे ‘फक्त’. एकच शब्द मर्यादाही घालतो आणि वाक्यही वळवतो. तेव्हा या शब्दांचे अर्थ एकमेकांत मिसळणे हे कोण्या एका भाषेचे वैगुण्य नाही. आणि ‘नुसत्या जोरासाठी नाही’ हे तुमचे म्हणणे पूर्ण खरे नाही. ‘ओन्ली यस्टरडे’ म्हणजे ‘अगदी कालच’. ‘काल आणि दुसऱ्या कोणत्याच दिवशी नाही’ असे त्यात कोणी सांगत नसते. ‘ओन्ली टू ग्लॅड’ म्हणजे ‘आनंदानेच, अगदी मनापासून’. इंग्रजांच्या बोलभाषेत तर कोणी अनपेक्षित काम करून बसला की ‘ही हॅज ओन्ली गॉन अँड डन इट’ असे म्हणतात. तिथे मर्यादेचा मागमूसही नाही, आहे तो आश्चर्याचा जोर.

बाई : ते ठरीव वाक्प्रयोग आहेत. त्यांच्यावरून नियम काढता येत नाही. ‘ओन्ली यस्टरडे’मध्ये शब्द ‘यस्टरडे’च्या आधी आहे हेही बघ. आपल्याकडे तो मागे जातो: ‘यस्टरडे ओन्ली’. शब्दाची जागा बदलली की इंग्रजीत अर्थ बदलतो.

जागेचा प्रश्न

बाई : म्हापशाच्या बाजारातले उदाहरण घेऊ. ‘ओन्ली शांता सेल्स फिश इन म्हापसा’ म्हणजे शांताच विकते, दुसरी कोणी नाही. ‘शांता सेल्स ओन्ली फिश इन म्हापसा’ म्हणजे ती मासळीच विकते, भाजी नाही. ‘शांता सेल्स फिश ओन्ली इन म्हापसा’ म्हणजे म्हापशातच विकते, पणजीत नाही. आता ‘शांता ओन्ली सेल्स फिश’ हे वाक्य घे. इंग्रज त्याचा अर्थ ‘शांता मासळी नुसती विकते, पकडत नाही’ असा घेईल, किंवा ‘मासळीपलीकडे काही विकत नाही’ असा. आपला माणूस तेच वाक्य ‘शांताच मासळी विकते’ असे ऐकेल. शब्द तेच, क्रम तोच, आणि अर्थ दोन. ही चूक नाही तर काय?

विद्यार्थी : उदाहरण चोख आहे. पण त्यातून चूक सिद्ध होत नाही, दोन व्याकरणे सिद्ध होतात. इंग्रजीत ‘ओन्ली’ ज्या शब्दाला लागू व्हायचा त्याच्या आधी येतो. मराठीत ‘च’ नंतर येतो आणि शब्दाला चिकटतो: ‘शांताच’, ‘मासळीच’, ‘म्हापशातच’. भारतीय इंग्रजीत ‘ओन्ली’ने ही मागची जागा घेतली. म्हणून ‘शांता ओन्ली’, ‘फिश ओन्ली’, ‘इन म्हापसा ओन्ली’. जो बोलतो आणि जो ऐकतो त्या दोघांनाही हा नियम ठाऊक असतो, म्हणून आपापसांत घोटाळा होत नाही. इंग्रजीतही जागेचा नियम तितका कडक नाही. हेन्री फाउलर यांनी 1926 च्या आपल्या इंग्रजी वापरकोशात सांगून ठेवले आहे की, ‘ओन्ली’ बोलण्याच्या ओघात क्रियापदाआधी आला आणि अर्थ स्पष्ट असला, तर त्याला ओढून दुसरीकडे नेण्याचा हट्ट धरू नये. इंग्रज माणूससुद्धा पुष्कळदा जागेपेक्षा आवाजाच्या आघातावरून अर्थ लावतो.

बाई : बोलताना आघात असतो. लिहिताना नसतो. माझी तक्रार लेखनाबद्दल आहे.

‘च’ची पूर्वपीठिका

विद्यार्थी : लेखनाकडे येण्याआधी ‘च’ नीट पाहायला हवा, कारण गोव्यातल्या ‘ओन्ली’चा उगम तिथे आहे. संस्कृतात हे काम ‘एव’ करतो. प्राकृतात ‘च्चिअ’, ‘चेअ’, ‘च्च’ अशी अव्यये आली. हेमचंद्रांनी बाराव्या शतकातल्या आपल्या प्राकृत व्याकरणात ती अवधारणार्थी, म्हणजे निश्चय किंवा जोर दाखवणारी, म्हणून नोंदवली आहेत. या अव्ययांच्याच परंपरेतला मराठीचा आणि कोंकणीचा ‘च’. मराठी व्याकरणात तो शुद्ध शब्दयोगी अव्यय गणला जातो. इतर शब्दयोगी अव्यये लागताना शब्दाचे सामान्यरूप होते, जसे ‘घर’चे ‘घरावर’. ‘च’ लागताना तसे काही होत नाही: ‘घर’, ‘घरच’. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, अव्यय, कशालाही तो लागतो.

बाई : हे मी वर्गात शिकवले आहे. पण ‘च’चे अर्थ अनेक आहेत आणि ‘ओन्ली’ त्यांतल्या एकाचाच प्रतिशब्द आहे. मुले ‘च’ दिसला की ‘ओन्ली’ लिहितात, माझे दुखणे तेच आहे.

विद्यार्थी : अर्थ किती आणि कोणते, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. सातव्या शतकातले बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती यांनी ‘एव’ची तीन कामे वेगळी केली. ‘पार्थच धनुर्धर’ म्हटले की इतर सगळे वगळले जातात. याला अन्ययोगव्यवच्छेद म्हणतात, म्हणजे दुसऱ्याशी असलेला संबंध तोडणे. ‘चैत्र धनुर्धरच आहे’ म्हटले की इतर कोणी वगळला जात नाही. चैत्र धनुर्धर नसावा ही शंका तेवढी दूर होते. हा अयोगव्यवच्छेद, म्हणजे संबंध नसण्याची शक्यता तोडणे. ‘निळे कमळ असतेच’ म्हटले की सगळी कमळे निळी ठरत नाहीत. निळे कमळ असूच शकत नाही, हा समज खोडला जातो. हा अत्यंतायोगव्यवच्छेद. इंग्रजी ‘ओन्ली’ पहिले काम करतो. ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’ म्हणणारा गोंयकार त्याच्याकडून दुसरे काम करून घेतो. ‘तो असाच आहे, याविषयी शंका नको’ एवढेच त्याला म्हणायचे असते.

बाई : ही विभागणी उपयोगी आहे. माझे म्हणणेही तिच्यातूनच मांडता येईल. पहिल्या कामासाठी इंग्रजीत ‘ओन्ली’ आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या कामासाठी तिथे वेगळे शब्द आहेत. ते न शिकता एकाच शब्दावर सगळा भार टाकणे म्हणजे शिकणे अर्धवट सोडणे.

अर्थवार तुलना

बाई : एकेक प्रकार घेऊ. स्थळाचा नेमकेपणा: ‘इथेच’. गोव्यात ‘हिअर ओन्ली’, रूढ इंग्रजीत ‘राइट हिअर’. काळाचा नेमकेपणा: ‘आत्ताच’. गोव्यात ‘नाऊ ओन्ली’, रूढ इंग्रजीत ‘जस्ट नाऊ’. ओळख: ‘त्याच माणसाने सांगितले’. गोव्यात ‘दॅट मॅन ओन्ली टोल्ड’, रूढ इंग्रजीत ‘दॅट व्हेरी मॅन’ किंवा ‘द सेम मॅन’. स्वभाव: ‘तो असाच आहे’. रूढ इंग्रजीत ‘दॅट इज जस्ट हाऊ ही इज’. नकाराचा जोर: ‘तो आलाच नाही’. गोव्यात ‘ही डिडन्ट कम ओन्ली’, रूढ इंग्रजीत ‘ही डिडन्ट कम ॲट ऑल’. एका ‘च’साठी इंग्रजीत राइट, जस्ट, व्हेरी, सेम, ॲट ऑल असे पाच शब्द झाले. मुलांना हे पाचही यायला नकोत का?

विद्यार्थी : यायलाच हवेत. पण या यादीत जे नाही त्याकडेही पाहा, बाई. ‘फारच चांगले’ याचे ‘व्हेरी ओन्ली गुड’ असे कोणी करत नाही. ‘मी येणारच’ याला ‘डेफिनेटली’ म्हणतात. ‘घरी येताच फोन केला’ यातला ‘च’ लगेचपणा दाखवतो. तिथे ‘ॲज सून ॲज’ येते, ‘ओन्ली’ नाही. म्हणजे मुले ‘च’ दिसेल तिथे डोळे मिटून ‘ओन्ली’ घालतात असे नाही. स्थळ, काळ, व्यक्ती, स्वभाव यांकडे बोट दाखवताना तो येतो. परिमाण वाढवताना येत नाही. या निवडीमागे नियम आहे. भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्या राकेश भट्ट यांच्यासारख्या भाषावैज्ञानिकांनी या ‘ओन्ली’ला वाक्यातल्या लक्षवेधी अंशाची खूण मानले आहे. चुकांना असा साचा नसतो.

बाई : साचा असला म्हणून तो सर्वत्र चालतो असे होत नाही.

एकट्या गोव्याची गोष्ट नाही

विद्यार्थी : साचा किती दूरवर पसरला आहे हेही ध्यानात घ्यावे. हिंदीत ‘ही’ आहे, ‘यहाँ’चे ‘यहीं’ होते. गुजरातीत ‘ज’ आहे. कन्नडमध्ये ‘इल्ली’ म्हणजे ‘इथे’ आणि ‘इल्ले’ म्हणजे ‘इथेच’. तमिळमध्ये ‘तान’ आहे. या सगळ्या भाषांत जोराची खूण शब्दानंतर येते. म्हणून ‘हिअर ओन्ली’ मुंबईतही ऐकू येते आणि चेन्नईतही. उत्तरेला सिंधुदुर्ग आणि दक्षिणेला कारवार असलेल्या गोव्यात ती सवय बाहेरून यायची गरजच नव्हती.

बाई : गोव्यात पोर्तुगीजचाही विचार करावा लागतो.

विद्यार्थी : हो, आणि ते इथल्या ‘ओन्ली’चे वेगळेपण आहे. पोर्तुगीजमध्ये ‘फक्त’साठी ‘सो’ आहे आणि जोरासाठी ‘मेझ्मू’. ‘अकी मेझ्मू’ म्हणजे ‘इथेच’. म्हणजे पोर्तुगीजमध्ये ही दोन कामे दोन शब्दांकडे आहेत, आणि जोराचा शब्द मराठीप्रमाणे मागून येतो. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्यानंतर शाळा, कचेऱ्या आणि वृत्तपत्रे यांत इंग्रजीचा वापर झपाट्याने वाढला. पोर्तुगीज शिकलेल्या घरांतला ‘मेझ्मू’ आणि मराठी-कोंकणी घरांतला ‘च’, दोन्हींची सवय ‘हिअर ओन्ली’ला जवळची होती.

बाई : पेडणे, डिचोली, सत्तरी हे नव्या काबिजादीतले तालुके. ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेले. तिथे पोर्तुगीज शिकलेली घरे थोडी होती आणि मराठी शिक्षणाची परंपरा बळकट होती. त्यामुळे आमच्याकडच्या मुलांच्या ‘ओन्ली’मागे ‘च’च असतो, ‘मेझ्मू’ नव्हे. हे मान्य करते. आणि म्हणूनच ‘च’ ओळखीचा करून दिला तर ‘ओन्ली’ सुधारता येतो, असे मला वाटते.

जिथे अर्थाला किंमत आहे

बाई : आता लेखनाकडे. दुकानाच्या दारावर ‘सेल टुडे ओन्ली’ लिहिले तर विक्री उद्या नाही. कचेरीतला कारकून ‘आय विल डू इट टुडे ओन्ली’ म्हणाला तर त्याला ‘आजच करतो’ असे म्हणायचे असते. ‘आज केले नाही तर उद्या करणार नाही’ असे नाही. बोलण्यात हे कळते. पण तेच वाक्य पत्रात लिहून लंडनला किंवा लिस्बनला पाठवले तर वाचणारा काय समजेल? मोपाच्या विमानतळावर 2023 च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. पेडण्याच्या मुलामुलींसाठी अशा ठिकाणी परदेशी प्रवाशांशी बोलणे हे रोजचे काम आहे. ‘बॅगेज विल कम हिअर ओन्ली’ असे सांगितले तर प्रवासी ‘दुसरीकडे कुठेच येणार नाही’ असा अर्थ घेईल. तो अर्थ कधी बरोबर असेल, कधी नसेल.

विद्यार्थी : हा मुद्दा मला मान्य आहे. ऐकणारा ‘च’च्या भाषांतला नसेल तिथे राइट, जस्ट, व्हेरी हे शब्द वापरावेत. पण पैशाच्या व्यवहारात ‘ओन्ली’ मागे येतो तो इंग्रजीच्याच संकेताने. धनादेशावर ‘रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली’ असे लिहितात. मराठीत तिथे ‘रुपये पाच हजार फक्त’. हा शब्द रक्कम थोडी आहे असे सांगत नाही. रकमेपुढे कोणी काही जोडू नये म्हणून तो तिथे कुलपासारखा बसतो. अन्ययोगव्यवच्छेदाचे इतके रोकडे उदाहरण दुसरे नाही.

बाई : करारात हे कुलूप आणखी महत्त्वाचे होते. वाद झाल्यास तो कोणत्या गावच्या न्यायालयात चालावा, याचे कलम करारात असते. तिथे ‘ओन्ली’ हा शब्द आहे की नाही, यावर खटले झाले आहेत.

विद्यार्थी : सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. स्वस्तिक गॅसेस विरुद्ध इंडियन ऑइल या 2013 मध्ये निकाल लागलेल्या खटल्यातल्या करारात कोलकात्याच्या न्यायालयांचा उल्लेख होता, पण ‘ओन्ली’, ‘अलोन’, ‘एक्सक्लुझिव्ह’ यांपैकी एकही शब्द नव्हता. तो नसल्याने फरक पडत नाही, असे न्यायालयाने ठरवले. एका ठिकाणाचे नाव घेतले की उरलेली ठिकाणे वगळण्याचा पक्षकारांचा हेतू त्यातून दिसतो, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे अवधारण शब्दाशिवायही होऊ शकते. ‘पणजीच्या न्यायालयात’ एवढे लिहिले तरी ‘पणजीच्याच’ असा अर्थ निघू शकतो.

बाई : तो अर्थ निघायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हेही त्यातूनच दिसते. शब्द योग्य जागी लिहिला असता तर वादाचे एक कारण कमी झाले असते. नियम, करार, परीक्षेच्या सूचना, औषधाच्या वापराची माहिती यांत ‘ओन्ली’ मर्यादेच्याच अर्थाने आणि ज्याला लागू आहे त्याच्या लगत यावा, इतका माझा आग्रह आहे.

विद्यार्थी : त्या ठिकाणी तो आग्रह योग्य आहे. माझा आग्रह दुसऱ्या बाजूचा. घरात, बाजारात, बसमध्ये, मित्रांत ‘लाइक दॅट ओन्ली’ म्हणणाऱ्या मुलाला अडाणी म्हणू नये. त्याने इंग्रजी मोडलेली नसते. आपल्या भाषेतले अवधारण त्याने इंग्रजीत नेलेले असते. हे त्याला समजावून सांगितले तर तो दोन्ही रीती शिकतो. नुसते लाल शाईने खोडले तर एकही नाही.

मराठीत परतणारा ‘ओन्ली’

बाई : एक काळजी उरते. इंग्रजीत ‘च’ गेला तसा ‘ओन्ली’ही मराठीत येतो. पाट्यांवर ‘ओन्ली’ मराठी वाक्यात बसवलेला दिसतो. ‘फक्त’, ‘केवळ’, ‘मात्र’, ‘निव्वळ’, ‘नुसता’ आणि ‘च’, इतके शब्द असताना त्याची गरज काय?

विद्यार्थी : इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे, बाई. त्या प्रत्येक शब्दाला स्वतःची छटा आहे. ‘फक्त पाणी’ मोजून मर्यादा सांगते, ‘नुसते पाणी’ सोबत काही नसल्याचे सांगते, ‘निव्वळ पाणी’ भेसळ नाकारते किंवा नाराजी दाखवते, ‘पाणीच’ इतर पर्याय वगळते. एकट्या ‘ओन्ली’ने ही कामे होत नाहीत. आपल्याकडे या छटा असताना त्या टाकणे म्हणजे स्वतःचेच नुकसान.

निष्कर्ष

संवादाअखेर दोन्ही पक्षांत एकमत उरते ते असे. भारतीय इंग्रजीतला जोरदर्शक ‘ओन्ली’ नियमबद्ध आहे आणि त्याची मुळे ‘च’सारख्या शब्दानंतर येणाऱ्या अवधारणार्थी अव्ययांत आहेत. बोलण्यात, आणि ऐकणाराही भारतीय असताना, तो निर्दोष आहे. परदेशी वाचकासाठी, तसेच कायदेशीर, व्यावहारिक आणि शैक्षणिक लेखनात, तो मर्यादेच्या अर्थापुरता ठेवावा आणि जोरासाठी राइट, जस्ट, व्हेरी, सेम, ॲट ऑल यांतला योग्य शब्द निवडावा. मराठी वाक्यात त्याला जागा देण्याचे कारण नाही.

गोव्यातल्या शाळांत मराठी आणि इंग्रजी एकाच मुलाला शिकवल्या जातात, पण ‘च’चा पाठ एका तासाला आणि ‘ओन्ली’चा दुसऱ्या तासाला होतो. शिक्षकांनी हे दोन पाठ एकत्र घ्यावेत. लिहिणाऱ्याने ‘ओन्ली’ लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: इतरांना वगळायचे आहे, की आपल्या म्हणण्याची खात्री द्यायची आहे? उत्तर मिळाले की शब्दही मिळतो आणि त्याची जागाही.